हुलगेवाल्या मेंबरच्या दारचा थांबा

तारीख सोळा फेब्रुवारी, रविवार. रक्कम रुपये बेचाळीस हजार पाचशे. हजर: माझे वडील, म्हणजे अप्पा, मी, माझी बायको आणि शहराबाहेरच्या सिरुसेरीहून आलेला धाकटा भाऊ. जागा नुंगंबाक्कमच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. विषय मंडगप्पडीचा.

मंडगप्पडी म्हणजे काय ते आधी सांगतो. देवळातून देवाची पालखी निघते, ती वाटेत ठरलेल्या दारांशी थांबते. त्या थांब्याचा खर्च त्या घराने करायचा: मांडव, हार, नैवेद्य, पालखी उचलणाऱ्या भोयांची बिदागी. बदल्यात घरातल्या कर्त्या पुरुषाच्या डोक्याला देवाच्या अंगावरचं वस्त्र बांधतात. त्याला परिवट्टम म्हणतात. मासी या तमिळ महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, देव समुद्रावर स्नानाला जातो, त्या वाटेवरचा एक थांबा तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत आहे आणि तो आमच्या घराण्याकडे आहे. घर मात्र आमच्याकडे नाही. ते विकून अकरा वर्षं झाली. आता तिथे मॅन्शन आहे, म्हणजे एकट्या पुरुषांनी महिन्याच्या भाड्याने राहायची तीन मजली खोल्यांची इमारत, आणि खाली मेस.

आदल्या वर्षी आम्ही कोणीच गेलो नव्हतो. भावाने देवळाच्या खात्यावर पैसे पाठवले आणि पुरोहिताने ते परिवट्टम मॅन्शनच्या वॉचमनला बांधलं. अप्पांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी आठवडाभर पेपर वाचायचं बंद केलं. मग या जानेवारीत देवळाच्या व्यवस्थापकांनी बोलावून स्पष्टच सांगितलं: यंदा घरच्या माणसाने उभं राहून नीट केलं नाही तर थांबा दुसऱ्याला देऊ. दोन गल्ल्या पलीकडचा एक सराफ तयार होता. तो आमच्या दुप्पट खर्च करणार होता, आणि थांबा त्याच्या दुकानापुढे नेणार होता.

"देऊन टाका अप्पा," भाऊ म्हणाला. "सुटाल."

"काय म्हणून?" अप्पा म्हणाले. ते तंजावरी मराठी बोलतात. आम्ही 'का' म्हणतो तिथे ते 'काय म्हणून' म्हणतात, आणि कॉफी हवी असली की 'मला काफी होणा'. "सराफाच्या आज्याने आपला ओटा तोडला होता काय?"

"मी ऑनलाइन जास्त पाठवतो. पन्नास करा."

"देव ऑनलाइन थांबतो काय रे?"

माझी बायको नाशिकची. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी या घरच्या गोष्टी ती पाहुण्यासारख्या ऐकते. ती म्हणाली, "तुमच्याकडे देवालासुद्धा स्टॉप मंजूर करून घ्यावा लागतो. बससारखा."

"मंजूर करूनच घेतलेला आहे, अम्मा," अप्पा गंभीरपणे म्हणाले.

ते खरं आहे. हा थांबा अप्पांच्या आजोबांनी, माझ्या पणजोबांनी मिळवला. त्यांच्याविषयी मला जे माहीत आहे ते सगळं अप्पांकडून आणि वारलेल्या थोरल्या काकांकडून. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे मी दोन्ही सांगतो.

पणजोबा तंजावरकडून मद्रासला आले ते हुलग्यांचा धंदा करायला. त्या काळी शहर घोड्यांवर चालत होतं. भाड्याचे जटके होते, साहेबांच्या बग्ग्या होत्या, पलटणीचे घोडे होते, आणि घोड्याला शिजवलेले हुलगे लागतात. पणजोबा गाडीभर हुलगे आणि गवत उतरवून घ्यायचे आणि तबेल्यातबेल्यांना पोचवायचे. घराचा खालचा भाग म्हणजे गोदाम. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याकडे सहा बैलगाड्या होत्या. अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे चार. घरात मराठी, दुकानात तमिळ, पलटणीच्या कारकुनाशी मोडकी इंग्रजी. गल्लीतल्या सगळ्यांच्या आधी त्यांच्या दारात पितळी कंदील लागला, एवढं दोघंही सांगत.

मग त्यांच्या मनात नगरपालिकेचं मेंबर व्हायचं आलं. का, ते कोणी मला नीट सांगू शकलं नाही. अप्पांचं मत असं, की गल्लीच्या तोंडाशी त्यांची गाडी रोज अडकायची आणि नगरपालिकेत अर्ज करून ते थकले होते. अर्ज करणाऱ्यापेक्षा अर्ज घेणारा होणं त्यांना स्वस्त वाटलं. त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. घरपट्टी भरणाऱ्यांनाच होतं. पणजोबा दारोदार गेले. बग्गीवाले, जटकेवाले त्यांच्या बाजूने, पण त्यातल्या बहुतेकांना मत नव्हतं. तरीही ते निवडून आले. बग्ग्यांच्या मालकांना मत होतं, आणि त्यांच्या घोड्यांची बिलं पणजोबांनी त्या वर्षी जरा उशिरा पाठवली, असं काका हसत सांगायचे. अप्पांना ही गोष्ट आवडत नाही.

सभागृहात बाकीचे वकील आणि डॉक्टर. हुलग्यांना तमिळमध्ये कोळ्ळु म्हणतात, म्हणून यांना मागून 'कोळ्ळु मेंबर' म्हणत. ते पहिल्यांदा उठून बोलले ते घोड्यांना पाणी पिण्यासाठी रस्त्याकडेला एक दगडी टाकी बांधावी म्हणून. सगळे हसले. टाकी मंजूर व्हायला आणि बांधून व्हायला इतकी वर्षं गेली, की तोवर मोटारी आल्या होत्या. टाकीवर घोडे कमी आणि घागरी घेतलेल्या बाया जास्त दिसू लागल्या. पणजोबांनी तेही आपलंच काम म्हणून सांगितलं असणार. मेंबर होते शेवटी.

त्यांचं दुसरं काम म्हणजे गल्ली रुंद करणं. आमच्या त्या गल्लीत प्रत्येक घरापुढे ओटा होता आणि ओटे पुढे येऊन येऊन मधे एक गाडी जाईल एवढीच वाट उरली होती. मैला वाहणारी गाडी आत यायची नाही, आग लागली तर बंब यायचा नाही. पणजोबांनी ओटे कापायचा ठराव आणला आणि सगळ्यात आधी स्वतःचा ओटा कापला, दोन हात. त्यांच्या आईने त्या दिवशी जेवण केलं नाही. बाकीच्यांचे ओटे नगरपालिकेच्या माणसांनी कापले. घरपट्टी भरणारी गल्ली ती. पुढच्या निवडणुकीत तिने पणजोबांना पाडलं. अप्पा म्हणतात अकरा मतांनी, काका म्हणायचे सतरा.

पण वाट रुंद झाली. त्याआधी देवाची पालखी गल्लीबाहेरूनच समुद्राकडे जायची, कारण आत वळत नव्हती. आता वळू लागली. देवळाने पणजोबांना बोलावून गल्लीत एक थांबा दिला, त्यांच्या कापलेल्या ओट्यापुढे. अप्पा ही गोष्ट नेहमी एकाच वाक्याने संपवतात: "मतें गेली, देव आला."

धंदा त्यानंतर बसतच गेला. घोडे संपले. पणजोबांनी तेलाच्या धंद्यात हात घालून पाहिला, तेही जमलं नाही. अप्पांना ते आठवतात ते म्हातारे: कोट, डोक्याला पागोटं, उरलेल्या ओट्यावर बसलेले. मेंबरकी जाऊन किती वर्षं झालेली, तरी लोक गटार तुंबलं की त्यांच्याकडेच यायचे. ते इंग्रजीत अर्ज लिहून द्यायचे, स्वतः कोट घालून कचेरीत नेऊन द्यायचे, आणि तिथला कारकून त्यांना बसायलाही सांगायचा नाही. वर्षातून एकदा देव यायचा, ते उठून उभे राहायचे, डोक्याला वस्त्र बांधलं जायचं, आणि तेवढ्या वेळापुरती सगळी गल्ली त्यांच्याकडे बघायची. अप्पांना त्यांनी शेवटच्या वर्षी खांद्यावर घेतलं होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्या वयात खांद्यावर. अप्पांचं म्हणणं, की तेव्हापासून ते हा थांबा 'आमचा' समजतात.

तर सोळा फेब्रुवारीला ठरलं: अप्पा स्वतः जाणार. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, पण उभे राहणार. भावाने वीस हजार दिले, बाकीचे मी. दिवस ठरवणं माझ्याकडे आलं. अप्पांचा नियम ठाऊक होताच: मासी महिन्यातली पौर्णिमा. कधी ती माघी पौर्णिमा असते, कधी होळीची. यंदा माघी पौर्णिमा मासी लागण्याआधीच होऊन गेली, म्हणून होळीची. स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरात पाहिलं, पौर्णिमा कधी लागते आणि कधी संपते तेही पाहिलं. गुरुवार, तेरा मार्च. मी गुरुवारची आणि खबरदारी म्हणून शुक्रवारचीही रजा टाकली. मांडववाला, हारवाला, नादस्वरवाले, सगळ्यांना गुरुवार सांगितला, सगळ्यांकडून उलट वदवून घेतला. मी बँकेत आहे. तारीख उलट वदवून घ्यायची मला सवय आहे.

बुधवारी सकाळी साडेसहाला फोन आला. मेसवाल्या अक्कांचा. या बाई पन्नाशीच्या, मॅन्शनखालची मेस चालवतात, आणखी एक मेस त्यांची शेजारच्या रस्त्यावर आहे. आवाज मोठा, बोलणं तोडून.

"सार, कुठे पोचलात?"

"घरी आहे. काय झालं?"

"घरी? सामी देवळातून निघालेत इकडे. मांडव नाही, माणूस नाही. मी म्हटलं मोठे लोक आहेत, ऐन वेळेला मोटारीतून मांडव घेऊन उतरतील."

"अक्का, उद्या आहे. पौर्णिमा उद्या आहे."

"पौर्णिमा असेल तुमची उद्या. मगम आज आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. देऊळ पौर्णिमा बघत नाही, नक्षत्र बघतं. मासी महिन्यातलं मघा नक्षत्र, तमिळमध्ये मगम. बहुतेक वर्षी दोन्ही एकाच दिवशी येतात, म्हणून आमच्या घरात तीन पिढ्या मराठी पंचांगातल्या पौर्णिमेला 'मंडगप्पडीचा दिवस' म्हणत आल्या. गल्लीत राहत होतो तोवर दिवस चुकायचा प्रश्नच नव्हता. ढोल ऐकू आला की खाली उतरायचं. घर विकल्यावर अप्पांचे एक जुने शेजारी दर वर्षी फोन करून वार सांगायचे. ते गेल्या दिवाळीत वारले. इतकी वर्षं आम्ही पंचांगावर चालत नव्हतो, त्या शेजाऱ्यांच्या फोनवर चालत होतो. आणि गेल्या वर्षी कोणीच जाणार नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नाही.

अप्पांना सांगितलं. ते दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "वेष्टी आण." एवढंच.

बायकोने त्यांना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसवायला मदत केली, मी रिक्षा बोलावली. भावाला वाटेत फोन केला. तो तिकडे ऑफिसच्या बसमध्ये होता.

"अण्णा, मी आता निघालो तरी नऊ वाजतील. व्हिडिओ कॉल लावू?"

अप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. "कोणाला लावतोस? देवाला?" आणि परत दिला.

पालखीसाठी मोठा रस्ता पोलिसांनी अडवला होता. रिक्षा तिथेच सोडली. तिथून गल्ली माणूस सहज चालत जाईल एवढ्या अंतरावर. अप्पांच्या गुडघ्यांना मात्र तेवढंही फार. ते काठी टेकत चालले, मी एका बाजूने, बायको दुसऱ्या. मधे एका दुकानाच्या पायरीवर बसले. तिथून नादस्वर ऐकू येत होतं. देवाच्या स्नानाची वेळ ठरलेली असते, ती पालखी कोणासाठी किती थांबणार? मी अक्कांना फोन केला. त्यांनी उचलला आणि काही न बोलता फोन तसाच धरला, मागून घंटा, कोणाचं तरी मोठ्याने मंत्र म्हणणं, आणि अक्कांचा आवाज: "येतायत हो, म्हातारे आहेत, रस्त्यात आहेत." मग दुसरा आवाज, व्यवस्थापकांचा: "अम्मा, समुद्र आमच्यासाठी थांबत नाही."

आम्ही गल्लीत वळलो तेव्हा पालखी गल्लीच्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडत होती. छत्रीचं टोक दिसलं आणि भोयांच्या पाठी. अप्पा जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी हात जोडले, पण पालखीकडे बघून नाही, खाली बघून.

मॅन्शनच्या दारापुढचा रस्ता ओला होता, रांगोळी पायांनी पुसलेली. मॅन्शनमधल्या चार जणांनी चार कोपरे धरून कोणाची तरी नवी वेष्टी मांडव म्हणून डोक्यावर धरली होती; ते आता तिची घडी घालत होते. एकजण ऑफिसच्या ओळखपत्रासकट होता. अक्का पायरीवर ताट घेऊन उभ्या. ताटात नारळाची अर्धी भकलं, विभूती आणि घडी केलेलं परिवट्टम.

"नैवेद्याला काय दाखवलंत?" अप्पांनी विचारलं.

"पोंगल. सकाळच्या मेसचं. वरचं, हात न लागलेलं काढून ठेवलं होतं. तूप जास्त घातलं."

"परिवट्टम कोणाला बांधलें?"

"मला कसं बांधतील? बायकांना नाही बांधत. ताटात घेतलं मी." मग त्या जरा घुटमळल्या. पेरियवर म्हणजे वडीलधारे, अप्पांना त्या तसंच म्हणतात. "पेरियवर, एक झालं. पुरोहितांनी संकल्पाला नाव विचारलं. तुमचं नाव मला कुठे माहीत? सार, सार म्हणते मी. मग ते वर लिहिलंय ना, तेच सांगितलं."

आम्ही वर पाहिलं. मॅन्शनच्या मालकाने नवी इमारत उठवताना जुनी दाराची चौकट ठेवली होती, सागाची होती म्हणून. तिच्यावर तमिळ अक्षरांत पणजोबांचं नाव कोरलेलं आहे, मागे त्यांच्या मेंबरकीचं बिरुद. पुरोहित नवा, तरुण. त्याने ते नाव बिरुदासकट म्हटलं होतं, आयुष्य आणि आरोग्य मागून.

अप्पा हसायला लागले. एवढं हसले, की खाली बसावं लागलं. "सत्तर वर्षांहून जास्त झालीं जाऊन," ते म्हणाले, "आणि परत निवडून आला! आणि गल्लीनेच उभा केला!"

अक्कांना वाटलं त्यांच्यावर रागावले. "मी मुद्दाम नाही केलं हो."

"बस, बस. मला काफी होणा."

कॉफी आली. अप्पांनी वस्त्र हातात घेतलं, डोक्याला लावलं आणि परत ताटात ठेवलं. मी म्हटलं, बांधतो. ते नको म्हणाले. बांधायचं ते देवासमोर, देव गेला.

मी त्या पायरीवर बसून काय विचार करत होतो ते सांगतो. मांडववाल्याला आणि नादस्वरवाल्यांना 'नको' म्हणून फोन करायचे होते, हारवाला ऐकणार नव्हता कारण फुलं उचलली गेली होती. पुढच्या वर्षी हे सगळं परत. त्याच्या पुढच्या वर्षी परत. अप्पा असोत नसोत. माझ्या मुलीला मघा नक्षत्र म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगावं लागतं. मी अठ्ठावन्नाचा होईन, साठाचा होईन, आणि दर फेब्रुवारीत त्या टेबलाशी बसून भोयांचे आकडे मांडत असेन. मला दमल्यासारखं झालं होतं, आणि दुखावलं जायलाही अंगात जोर उरला नव्हता.

दुपारी पालखी परत आल्यावर आम्ही देवळात गेलो. अक्काही आल्या, मेसचं जेवण वाढून. व्यवस्थापक पंख्याखाली बसले होते. त्यांनी सरळच सांगितलं, "घरचं कोणी नव्हतं. हे सलग दुसरं वर्ष. मी सराफांना शब्द देतो."

अक्का मधेच बोलल्या, "मग सामी आमच्या गल्लीत यायचेच नाहीत?"

"त्यांच्या दुकानावरून जवळची वाट आहे."

"त्या दिवशी माझ्याकडे दीडशे माणूस जास्त जेवतं. ते सराफाच्या दुकानात सोनं खाणार का?"

व्यवस्थापकांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

अप्पा म्हणाले, "थांबा तिथेच राहणार. हिच्या नावावर करा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पेरियवर, या भाडेकरू आहेत," व्यवस्थापक म्हणाले. "मॅन्शनवाल्याने उद्या काढलं तर?"

"आम्ही मालक होतो. आम्ही कुठे आहोत?"

"आणि परिवट्टम? यांना बांधता येत नाही."

"हिचा मुलगा आहे. नाही तर मॅन्शनातला कोणी बांधून घेईल. आज चार जण उभे होते, मी पाहिलें. आमच्या आज्याने ओटा तोडला तो गल्लीत गाडी यावी म्हणून. सराफाच्या दारी देव गेला तर तो ओटा फुकट गेला. मेंबर आमचा होता, गल्ली आमची नव्हती."

व्यवस्थापक म्हणाले, "सराफ दुप्पट देणार होते."

"मी तिप्पट गर्दी देते," अक्का म्हणाल्या.

शेवटी दोघांचं जमलं: थांबा त्याच दारी, अक्कांच्या नावावर. नाव बदलण्याची फी सांगितली गेली. भाऊ तेवढ्यात ऑफिसातून पोचला होता, खिशातून फोन काढून पैसे भरायला निघाला. अप्पांनी हात आडवा केला आणि माझ्याकडून रोख मागून घेतले. बाहेर पडताना भावाने हळूच विचारलं, "वाईट वाटतंय का अप्पांना?" मी म्हटलं, माहीत नाही. रिक्षात अप्पांना झोप लागली, डोकं माझ्या बायकोच्या खांद्यावर.

हिशेब असा झाला. मांडववाल्याने दोन हजार आणि नादस्वरवाल्यांनी तीन हजार आगाऊ रक्कम परत दिली नाही. हारवाल्याला पूर्ण आठ हजार पाचशे द्यावे लागले; गुरुवारी हार आले ते देवळात पाठवले. सोळा भोयांना प्रत्येकी पाचशे, आठ हजार, बुधवारी दुपारीच हातात दिले. देवळाचे दोन हजार आधीच भरलेले होते. पोंगल, नारळ आणि कापराचे अक्कांनी एक हजार आठशे पन्नास सांगितले, ते दिले. घासाघीस केली नाही. आणि नाव बदलण्याची फी पाच हजार एक रुपये अप्पांनी देवळाच्या खिडकीवर भरली. पावती मेसवाल्या अक्कांच्या नावाने झाली.